चौदा आण्यांची लाइन

पावसच्या आंबा बागायतदार संस्थेच्या कचेरीत इंटरनेट दोन वाटांनी येत असे. एक वाट फायबरची. तिच्यावर संस्थेचा चौकीदार दुपारी जेवण झाल्यावर क्रिकेटचे जुने सामने बघत बसायचा आणि चित्र एकदाही अडकत नसे. दुसरी वाट तांब्याच्या टेलिफोन तारेची. ही तार कातळाच्या सड्यावरून, बागांच्या दगडी गडग्यांना धरून चार किलोमीटर चालत येई आणि कचेरीतल्या एका करड्या डब्यात संपे. तो डबा म्हणजे मोडेम. संस्थेचं सगळ्यात महत्त्वाचं काम याच वाटेनं व्हायचं.

याला कारण मुंबईचं एक नोंदणी कार्यालय. दर हंगामाला बागायतदारांची यादी तिथल्या यंत्राकडे पाठवायची आणि यंत्रानं प्रत्येकाला एक क्रमांक द्यायचा. क्रमांक पेटीवर छापला तर मोठा व्यापारी पेटी उचलणार, नाही तर ती रस्त्याकडेला टोपलीत विकायची. आता हे यंत्र इतकं जुनं होतं की त्याला फक्त टेलिफोन कळत असे. ते बसवणारा माणूस निवृत्त झाला होता, आणि उघडायचं कसं हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणून यंत्र बदलता येत नव्हतं, आणि यंत्र बदलत नाही म्हणून पावसची ती तांब्याची तार काढता येत नव्हती. त्या तारेवर दुसरं कुणी गिऱ्हाईक उरलं नव्हतं. लाइनमन निलेश रोज मोटरसायकलवरून तिची विचारपूस करायला यायचा.

समीक्षा इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झाली होती. जानेवारीत ती संस्थेत लागली, तेव्हा अध्यक्ष दमयंतीकाकूंनी मुलाखतीत एकच प्रश्न विचारला होता, की फोनवरून संगणक जोडता येतो का. कॉलेजच्या पुस्तकात तो धडा होता. परीक्षेला येत नाही म्हणून सरांनी तो सोडला होता आणि नेमका म्हणूनच समीक्षानं तो वाचला होता. ती हो म्हणाली.

यादी पूर्वी चार मिनिटांत जायची. या वर्षी मुंबईहून नवा नियम आला: प्रत्येक बागायतदाराच्या नावापुढे त्याच्या एका झाडाचा फोटो हवा आणि फोटोत फळं दिसली पाहिजेत. बागायतदार चारशे अठरा. समीक्षानं फोटो दाबून दाबून लहान केले, इतके की आंबा आणि पान यांत फरक कळेनासा व्हायला आला तेव्हा ती थांबली. तरी सगळे मिळून साडेअकरा एमबी झाले. मुंबईचं यंत्र साठाव्या मिनिटाला फोन ठेवून द्यायचं, आणि यादी अर्धवट असेल तर आलेलं सगळं विसरून जायचं. एका संस्थेला हंगामात असे तीनच फोन. शेवटची मुदत ३१ मार्च, संध्याकाळी पाच.

चारशे अठरांत एकोणीस कलमांचे मालक, समीक्षाचे वडीलही होते.

पण सराव करायला एक बरं होतं. मुंबईचा एक वेगळा चाचणी क्रमांक होता. तो हवा तितक्या वेळा फिरवता यायचा आणि एका मिनिटानं आपोआप तुटायचा. मार्चचे तीन आठवडे समीक्षानं त्यावर घालवले. मोडेमला सुरुवातीला आज्ञांची एक ओळ द्यावी लागते; त्या ओळीतलं एकेक अक्षर बदलायचं, फोन लावायचा, वेग किती मिळाला ते वहीत लिहायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तिचा नियम. वहीला तिनं रकाने आखले होते आणि शेवटचा रकाना 'इतर' असा होता.

या 'इतर' रकान्यात आप्पा आले.

आप्पांनी पन्नास वर्षं आंबे उतरवले होते. आता गुडघे गेल्यामुळे ते कचेरीत पंख्याखाली येऊन बसत, अगदी मोडेमच्या टेबलाला टेकून. मोडेमनं नंबर फिरवला की आधी शिट्टी, मग किर्रर्र, मग दोन्हीकडून खाकरल्यासारखा आवाज आणि शेवटी नुसती फसफस ऐकू यायची. फसफस सुरू झाली की आप्पा डोळे मिटल्या मिटल्या म्हणायचे, "साडेबारा." कधी "अकरा." एकदा नुसतं "पंधरा, पण ऱ्हायचं न्हाय."

समीक्षाला आधी वाटलं, म्हातारा माणूस आहे, वेळ सांगतोय. मग तिच्या लक्षात आलं की हे आणे आहेत. झाडावरचं फळ किती तयार झालं हे पावसला आण्यांत सांगतात. सोळा आणे म्हणजे झाडावरच पुरतं पिकलेलं. आणि 'साडेबारा' म्हटलं की पडद्यावर दरवेळी २६,४०० हा वेग यायचा. तिच्या मोडेमचा सगळ्यात मोठा वेग ३३,६००. तो सोळा आणे धरला तर एक आणा एकवीसशेचा. साडेबारा आणे म्हणजे २६,२५०. मोडेमच्या पायऱ्या चोवीसशेच्या असल्यामुळे त्याला सगळ्यात जवळची पायरी २६,४००.

तिनं आप्पांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, पडदा झाकला आणि चौसष्ट चाचण्या घेतल्या. एकसष्ट वेळा आप्पा बरोबर निघाले. चुकलेल्या तिन्ही चाचण्या जेवणानंतरच्या होत्या. कसं कळतं असं विचारल्यावर आप्पांनी सांगितलं की त्यात कळायचं काय आहे, फळाला टिचकी मारली की कोवळं किरकिरतं आणि तयार झालेल्याचा आवाज बसतो. समीक्षानं 'इतर' मध्ये लिहिलं: कारण अज्ञात, पण उपयोगी.

आज्ञांची ओळ घासूनपुसून तिनं लाइन सोळा आण्यांपर्यंत नेली. २८ तारखेला सकाळी पहिला खरा फोन लावायच्या आधी ती खुशीत होती. आप्पा खुशीत नव्हते.

"सोळा आणे कशाला गो हवं तुला?" त्यांनी विचारलं.

"वेग जास्त, वेळ कमी, आप्पा. अठ्ठेचाळीस मिनिटांत यादी तिकडे."

"मुंबईला जायचा माल चौदा आण्यांना उतरवायचा असतो. सोळा आण्याचा संगमेश्वरपर्यंत नासतो."

समीक्षा हसली आणि फोन लावला. पहिली दहा मिनिटं ३३,६०० चा वेग झकास मिळाला. मग मोडेम अडखळला, थांबून पुन्हा शिट्ट्या मारू लागला, पुढे निघाला आणि पुन्हा अडखळला. असं अठ्ठावीस वेळा झालं. एकतिसाव्या मिनिटाला लाइन तुटली. आप्पा उठून पाणी प्यायले, एवढंच. पण ते भांडं त्यांनी जरा जास्तच आवाज करून ठेवलं.

२९ तारखेला तिनं उलट टोक गाठलं. वेगाला २४,००० ची वेसण घातली. लाइन एकदाही अडखळली नाही, आणि साठावं मिनिट संपलं तेव्हा एकोणपन्नास बागायतदार कचेरीतच उरले होते. यंत्र बाकीच्या सगळ्यांनाही विसरलं.

तिनं मुंबईला व्हिडिओ कॉल लावला. तिथला अधिकारी स्वरूप तिच्याच वयाचा होता आणि सज्जन होता. त्यानं फोन फिरवून तिला यंत्र दाखवलं. फायबरवरून चित्र इतकं स्वच्छ येत होतं की यंत्रावरच्या झेंडूच्या सुकलेल्या हारातली फुलं मोजता आली असती. समीक्षानं विचारलं, की मी तुम्हाला आत्ता बघतेय, बोलतेय, मग यादी याच वाटेनं पाठवली तर. स्वरूप म्हणाला की त्याला स्वतःला ती आवडेल, पण यंत्राला पोचणार नाही. फोन लागला की यंत्रावरचा लाल दिवा लुकलुकतो, तेवढं मात्र तो तिला व्हिडिओवर दाखवू शकतो. ती हो म्हणाली, कारण त्या क्षणी एवढीच मदत उपलब्ध होती.

मग तिनं हिशेब केला. तासाभरात यादी बसवायची तर २६,४०० कमी पडत होते, दीड मिनिटानं. ३१,२०० वर लाइन टिकत नव्हती. उरला मधला एकच वेग, २८,८००. त्यात छप्पन मिनिटं तेवीस सेकंद. त्याचे आणे काढायला तिला कागद लागला नाही.

"चौदा," आप्पा म्हणाले. त्यांनी तरी काढले होते की नाही कोण जाणे.

पण २८,८०० वरही चाचणीत मधूनच एखादा ठसका येत होता आणि तो का येतो हे तिला कळत नव्हतं. शेवटी तिनं मोडेम बाजूला काढला आणि साधा टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावला. आत बारीक टिकटिक होती. तिनं स्टॉपवॉच लावलं: १.२० सेकंद. त्याच्या मागे दुसरी, १.३५ सेकंद. दर १०.८ सेकंदांनी दोन्ही एकत्र पडायच्या आणि तेव्हा मोठा टक् व्हायचा. निलेशच्या मोटरसायकलवर मागे बसून ती खांबाखांबाशी थांबत गेली. निलेश तारेला आपला फोन अडकवायचा आणि ती ऐकायची. तिसऱ्या खांबाला टिकटिक वाढली, सातव्याला आणखी. अकराव्या खांबाखाली निलेशनं हात टेकलेलं कुंपण एकदम सोडलं आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं.

झटका मशीन. माकडं आणि डुकरं येऊ नयेत म्हणून बागांच्या कुंपणात वीज सोडतात ते. सेकंद-सव्वा सेकंदाला एक ठोका. टेलिफोनची तार या कुंपणांना लागून चार किलोमीटर चालत होती, आणि वाटेत अशा सदतीस बागा होत्या. कुणाच्या मशीनचा ठोका किती सेकंदांचा, याचा तिनं तक्ता केला. पूर्वीच्या याद्या डिसेंबरात जात. तेव्हा झाडावर फळ नसतं, मशीन गोणत्यात असतं. आता मार्च संपत आला होता आणि फळ भरत होतं.

३० तारखेला संध्याकाळी सभा झाली. समीक्षानं सांगितलं, की उद्या दुपारी तीन पंचावन्नपासून तासभर सगळ्यांनी झटका बंद ठेवायचा. मागून भागोजी उठला. त्याची बाग कचेरीच्या खालच्या अंगाला होती आणि त्याला माकडांचा त्रास सगळ्यात जास्त.

"मग माकडांना पण नोटीस काढा," तो म्हणाला. "तीन पंचावन्न ते चार पंचावन्न कुणी येऊ नये. सही-शिक्क्यानिशी."

हशा झाला, पण प्रश्न खरा होता. बागेत तासभर झटका नाही हे माकडांना पाच मिनिटांत कळतं. एकानं सुचवलं, यादी माकडं झोपल्यावर पाठवा. त्यावर मुंबईची माणसंही तेव्हा झोपतात असं उत्तर आलं. अखेर दमयंतीकाकूंनी टेबलावर हात ठेवला. त्यांची बाग कचेरीपासून अर्ध्या किलोमीटरवर, चढावर होती, आणि तिच्यातून तार सगळ्यात लांब जात होती. त्या म्हणाल्या, की पहिलं मशीन माझं बंद होईल. बाकीच्यांनी घरटी दोन माणसं आणि दोन रिकामे तेलाचे डबे घेऊन बागेत उभं राहायचं आणि तासभर बडवायचे. माकडं आवाजाला भितात.

डब्यांचा आवाज तारेत शिरणार नाही का, अशी शंका निघाली. समीक्षानं फळ्यावर आकृती काढून समजावलं की तारेला विजेचा ठोका बाधतो, डब्याचा नाही. सगळ्यांना पटलं. तरीही खबरदारी म्हणून कचेरीच्या शंभर मीटरच्या आतल्यांनी जरा हळू बडवावं, असा ठराव एकमतानं झाला.

३१ तारखेला तीन पंचावन्नला फोन लागला. समीक्षानं मोडेमचा स्पीकर सबंध वेळ चालू ठेवला होता, आप्पांसाठी. लाइन बिघडली तर वेग खाली आणायची आणि सुधारली तर परत वर न्यायची मुभाही तिनं मोडेमला आज्ञेतच देऊन ठेवली होती. शिट्टी, किर्र, खाकरणं, फसफस.

"चौदा," आप्पा म्हणाले. "आता हात लावू नको गो बाय."

पडद्यावर २८,८०० आलं. बाजूच्या फोनवर स्वरूपनं यंत्राचा लाल दिवा दाखवला. तो लुकलुकत होता. आणि मग बाहेर गावभर डबे सुरू झाले. आधी वेडेवाकडे, मग हळूहळू एका ठेक्यात, जशी सवय तशी. कचेरीजवळची मंडळी ठरावाप्रमाणे हळू वाजवत होती, त्यामुळे आवाज दूरून मोठा आणि जवळून लहान येत होता. समीक्षाला हे भौतिकशास्त्राच्या विरुद्ध वाटलं, पण वहीत लिहायला वेळ नव्हता. शंभर नावं गेली. दोनशे गेली. तीस मिनिटं झाली तेव्हा तिच्या गणितात आणि पडद्यात दोन सेकंदांचा फरक होता.

चार एकतीसला आप्पांनी डोळे उघडले.

"कुणीतरी झटका लावला."

तिला आधी काही ऐकू आलं नाही. मग फसफशीखाली ते आलं: टक्. टक्. मोडेम थांबला, शिट्टी मारली, बारा सेकंदांनी पुन्हा निघाला. २४,०००. तिनं स्टॉपवॉच धरलं. १.३५. हे मशीन कुणाचं ते तिच्या तक्त्यात होतं, आणि तक्ता न बघताही आप्पांनी नाव घेतलं.

"दमयंती."

समीक्षानं काकूंना फोन लावला. डब्यांच्या गजरात कुणाला फोन ऐकू येणार. तिनं भरभर मांडलं: या वेगानं साठ मिनिटं सदतीस सेकंद लागणार. म्हणजे सदतीस सेकंदांसाठी सगळं जाणार, आणि लाइन आणखी अडखळली तर त्याहून जास्त. चौथा फोन नव्हता. आप्पांना मोडेमपाशी ठेवून ती पळत सुटली.

चढ संपला तिथे बागेच्या मधोमध काकू उभ्या होत्या. डबा चेपून सपाट झाला होता आणि पायाशी पडला होता. त्यांचा आवाज बसला होता. उजवा हात मशीनच्या खटक्यावर होता. समोरच्या मोठ्या कलमापलीकडे कुंपणाबाहेर माकडं बसली होती, पंचवीस-तीस, आणि शांतपणे वाट बघत होती.

"काकू, बंद करा."

"दोन मिनिटं. आतली दोन बाहेर काढली, एवढी पांगली की करते बंद."

"दोन मिनिटं नाहीत."

"काल सभेत तर तीन जास्तीची आहेत म्हणालीस."

"होती. तुमच्या मशीननं खाल्ली."

काकूंनी कलमाकडे पाहिलं. फोटोला उभं केलेलं कलम हेच. शंभर-दीडशे कलमांतून त्यांनी ते मुद्दाम निवडलं होतं, कारण फांद्या फळांनी पार गडग्याला टेकल्या होत्या. खालच्या बाजूला सगळीकडे डबे वाजत होते. त्यांतले कुणाचेच डबे थांबले नव्हते, आणि पहिलं मशीन माझं बंद होईल हे त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं होतं.

त्यांनी खटका खाली केला. मग गडग्यावर बसल्या.

पहिलं माकड कुंपणाला हात लावून, हात मागे घेऊन, पुन्हा लावून बघत होतं. त्याचीही पद्धत एका वेळी एकच गोष्ट तपासायची होती. समीक्षा तिथेच उभी राहिली.

"जा गो तू," काकू बसक्या आवाजात म्हणाल्या. "इथं दोघींनी बघून काय होणाराय."

ती कचेरीत पोचली तेव्हा आप्पा मोडेमवर जवळजवळ कान टेकून बसले होते. मधल्या वेळात लाइन पाचदा अडखळली होती. चार एक्केचाळीसला टिकटिक थांबली आणि आवाज परत बसला, असं त्यांनी सांगितलं. पडद्यावर २८,८०० होतं. तीनशे ऐंशी. चारशे. स्वरूप तिकडे यंत्रासमोर खुर्ची घेऊन बसला होता. अठ्ठावन्न मिनिटं एक्कावन्न सेकंदांनी फसफस बंद झाली आणि पडद्यावर एक ओळ आली: ४१८ नोंदी स्वीकारल्या. स्वरूपनं दिव्यापुढे अंगठा धरला. आप्पांनी विचारलं, की आता पंखा वाढवला तर चालेल का.

निलेशनं सगळ्यांना फोन लावायला घेतले, पण एकही उचलला जाईना. पाच वाजले, पाच वाजून दहा झाले, तरी सदतीस बागांत डबे त्याच ठेक्यात चालू होते. थांबायचं कधी हे ठरावात लिहायचं राहून गेलं होतं. निलेश मोटरसायकलवरून तारेच्या वरच्या टोकाकडे गेला आणि समीक्षा चालत निघाली. आधी ती चढ चढली.

माकडं निघून गेली होती. मोठ्या कलमाखाली अर्धवट चावून टाकलेल्या कैऱ्यांचा सडा पडला होता. माकड एका फळाचा एकच घास घेतं आणि दुसरं तोडतं. फांद्या गडग्यापासून हातभर वर उचलल्या होत्या. काकू अजून गडग्यावरच होत्या. मशीन बंदच होतं.

"गेली?" त्यांनी विचारलं.

"गेली. चारशे अठराच्या चारशे अठरा."

"माझा फोटो?"

"दोनशे बारावा होता. चार तेवीसला पोचला." समीक्षा थांबली, पण तिला आकडा अर्धा सोडता येईना. "तुम्ही मशीन लावलंत त्याच्या आठ मिनिटं आधी."

काकूंनी मान हलवली. पायाजवळची एक कैरी उचलून त्यांनी तिच्यावरचा चावा नीट पाहिला आणि ती परत खाली ठेवली.

"फोटोत झाडावर फळं दिसतात ना?"

"दिसतात. स्वरूपनी मोजली. बावन्न."

"मग झालं," काकू म्हणाल्या. "मुंबईत तरी आहेत."

खालच्या अंगाला भागोजीचा डबा अजून वाजत होता. त्याला थांबवायला समीक्षा उताराला लागली.